इंधन निवडता न येणारी भट्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प प्रत्यक्षात कसा चालतो, आसपासच्या शहरांना त्याचा काय उपयोग होतो, आणि त्याच्या धुराला घाबरायचं की नाही? अशा प्रकल्पांत मी बरीच वर्षं काढली. सुरुवात क्रेनच्या केबिनमध्ये झाली, पुढे नियंत्रण कक्षात पाळ्या केल्या, नंतर देखभालीचं काम पाहिलं. उत्तर लांबेल, कारण तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: आत काय येणार ते चालवणाऱ्याच्या हातात नसतं.

म्हणून आधी हे सांगतो की याला वीजघर समजू नका. कोळशाच्या वीजघरात कोळशासोबत त्याची ओल, राख आणि उष्मांक (किलोमागे किती उष्णता मिळेल तो आकडा) सांगणारा कागद येतो. माल वाईट निघाला तर भांडता येतं. विजेची मागणी उतरली तर भट्टी मंद करता येते. इथे ट्रक काट्यावर चढतो, वजन होतं, आणि आत काय आहे ते मागचं दार उघडल्यावरच कळतं. शिवाय कचरा रोज येतो, सणाच्या दुसऱ्या दिवशी तर जास्तच. कचरा जाळण्याची पहिली पद्धतशीर भट्टी १८७४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला उभी राहिली. तिला ‘डिस्ट्रक्टर’ म्हणत, म्हणजे नष्ट करणारी. काम काय ते त्या नावातच होतं. उष्णता वाया जाते, तर तिच्यावर वाफ करू, वीज करू, हे नंतर आलं. आजही प्रकल्पाचं मुख्य उत्पन्न बहुतेक ठिकाणी कचरा स्वीकारण्याच्या शुल्कातून येतं, विजेचा नंबर त्यानंतर. हे एकदा लक्षात आलं की पुढचं बरंच काही आपोआप समजतं.

ट्रक ज्या खड्ड्यात रिकामे होतात त्याला बंकर म्हणतात. कित्येक मजले खोल काँक्रीटची ही टाकी चार-सहा दिवसांचा कचरा सहज पोटात घेते. भट्टीला लागणारी हवा मुद्दाम याच जागेतून ओढली जाते. त्यामुळे बंकरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो, दार उघडलं तरी वारा आत जातो, आणि दुर्गंधी बाहेर न पडता भट्टीत जाऊन जळते. यातून एक उलटी गोष्ट घडते. प्रकल्प चालू असताना शेजाऱ्यांना वास येत नाही, बंद पडला की येतो. वासाची तक्रार आली की आम्ही आधी विचारायचो, कोणती भट्टी थांबलेली आहे?

बंकरच्या वर काचेच्या केबिनमध्ये क्रेनवाला बसतो. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची खुर्ची तीच, आणि पगाराच्या यादीत ती नेमकी खाली असते. त्याचं काम फक्त कचरा उचलून टाकण्याचं नाही. तो दिवसभर खालचा कचरा उपसून वर टाकतो, पसरतो, पुन्हा उचलतो, दुसऱ्या ढिगावर मोकळा सोडतो. एका ट्रकमध्ये भिजलेला पालापाचोळा असतो, दुसऱ्यात नुसतं प्लास्टिक आणि फोम. पहिला जसाच्या तसा आत गेला तर आग दबते. दुसरा गेला तर ती इतकी भडकते की बॉयलरचा ताबा सुटायची वेळ येते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण आपण अन्यायाबद्दल वापरतो. क्रेनच्या केबिनमध्ये मात्र तोच कामाचा नियम आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात आठवडाभर पाऊस लागला होता. वरचा ताजा, चिंब कचरा हाताशी होता म्हणून मी तोच उचलत राहिलो. तळातला कोरडा उपसायचा कंटाळा केला. मध्यरात्रीनंतर भट्टीचं तापमान उतरू लागलं, मदतीचे बर्नर आपोआप पेटले, आणि उजाडेपर्यंत आम्ही कचरा जाळण्यासाठी तेल जाळत बसलो. पाळीप्रमुख मला काहीच बोलले नाहीत. फक्त त्या रात्रीचा तेलाचा आकडा केबिनच्या काचेवर खडूने लिहून गेले.

ओलीचा प्रश्न किती निर्णायक आहे ते थोड्या हिशेबाने सांगतो. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. कचऱ्यात साठ टक्के पाणी असेल तर प्रत्येक किलोमागे जवळपास दीड मेगाज्यूल नुसता तो वाळवण्यात जातो. बाहेरचं इंधन न घालता कचरा स्वतःच्या बळावर जळायचा असेल तर ढोबळ नियम असा: पाणी ५० टक्क्यांच्या आत, राख ६० टक्क्यांच्या आत, आणि जळणारा भाग २५ टक्क्यांच्या वर. या तीन रेषांच्या बाहेरचा कचरा कितीही उत्तम यंत्रं आणली तरी जळत नाही. १९८७ मध्ये दिल्लीच्या तिमारपूरला परदेशी तंत्रज्ञानाने उभारलेला प्रकल्प याच कारणाने थोड्याच काळात बंद पडला. आराखड्यात धरलेल्या उष्मांकाच्या जवळपासही प्रत्यक्षातला कचरा जात नव्हता. यंत्र बिघडलं नव्हतं, अंदाज बिघडला होता. वर्षाच्या सगळ्या ऋतूंत कचऱ्याचे नमुने न तपासता कुणी प्रकल्पाचा आराखडा दाखवत असेल, तर पुढची पानं उलटण्याचे कष्ट घेऊ नका.

भट्टीकडे वळू. क्रेनच्या पंजातून कचरा एका उभ्या नळकांड्यात पडतो. हे नळकांडं कायम भरलेलं ठेवतात, म्हणजे कचराच बुचाचं काम करतो आणि आग वर चढत नाही. खालून ढकलणारी यंत्रणा तो शेगडीवर लोटते. शेगडी हा शब्द मला इथे फार आवडतो, कारण वस्तू खरोखर तीच आहे: उतरती, जाड लोखंडी सळ्यांची, फक्त तिच्या पायऱ्या मागेपुढे सरकत असतात. कचरा तिच्यावरून लोळत, उलटत खाली येतो आणि या प्रवासाला साधारण तासभर लागतो. वरच्या टोकाला तो वाळतो, मग त्यातून जळणारे वायू सुटतात, मध्यावर तो धडाडून पेटतो, आणि शेवटच्या टप्प्यात उरलेला कोळसा निवांत जळून राख होते. हवा दोन ठिकाणांहून येते. शेगडीच्या फटींतून येणारी हवा कचऱ्याला जाळते. ज्वाळेच्या वर जोरात मारलेले झोत सुटलेल्या वायूंना घुसळून जाळतात. लोकांना खालची आग दिसते, पण प्रदूषणाचा निकाल वरच्या घुसळणीत लागतो.

युरोपातल्या आणि इतरही अनेक देशांतल्या नियमांनुसार शेवटची हवा मिसळल्यानंतर वायू किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजेत. तापमान त्याखाली जायला लागलं की बर्नर पेटतात आणि नवा कचरा आत जाण्याचं दार कुलूपबंद होतं. कुणाला विचारायचं नसतं. पाळीवरच्या माणसाचं डोळ्यांचं काम मात्र उरतंच. भट्टीतल्या कॅमेऱ्यावर आपण एकच गोष्ट बघत असतो, ज्वाळेची खालची कड शेगडीवर कुठे संपते. ती खाली सरकू लागली तर अर्धकच्चा कचरा राखेत पडणार. ती वर सरकली तर शेगडीचा शेवटचा भाग रिकामा तापतोय.

जळलेल्या वायूंची उष्णता बॉयलर घेतो. वाफ होते, टर्बाइन फिरतं, हा भाग कुठल्याही वीजघरासारखाच, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. फरक एवढाच की इथली वाफ साधारण ४०० अंश तापमान आणि ४० बार दाबावर थांबवतात. आधुनिक कोळसा वीजघरं याच्या कितीतरी वर जातात. कारण क्लोरीन. प्लास्टिक, मीठ, रंगवलेलं लाकूड, सगळ्यातून तो येतो आणि तापलेल्या नळ्यांचं पोलाद खातो. नळीचं तापमान जितकं जास्त तितकी ही झीज वेगाने वाढते. म्हणून नळ्यांवर निकेलच्या महागड्या मिश्रधातूचा थर चढवतात, तरीही दरवर्षी काही आठवडे भट्टी थंड करून जाडी मोजत फिरावं लागतं. आत शिरलं की नळ्यांवर बसलेल्या राखेच्या पापुद्र्यांत मोसमाचा कचरा वाचता येतो, अशी आमची एक थट्टा होती. ती पूर्ण थट्टा नव्हती.

वाफ कमी तापमानाची म्हणजे कार्यक्षमता कमी. किलोमागे ८ मेगाज्यूलचा कचरा धरा आणि रोज १००० टन. भट्टीत सुमारे ९३ मेगावॉट उष्णता तयार होते, त्यातून वीज होते २३ मेगावॉटच्या आसपास, आणि पंखे, पंप, क्रेन, धूर साफ करणारी यंत्रं त्यातला सहावा-सातवा हिस्सा स्वतःच खातात. म्हणजे टनाला साधारण साडेपाचशे युनिट तयार होतात आणि साडेचारशेच्या थोडी वर बाहेर जातात. शहराच्या एकूण विजेत हा वाटा लहानच असतो. ‘कचऱ्यातून शहर उजळणार’ अशा घोषणा ऐकल्या की मला हाच गुणाकार करून दाखवावासा वाटतो.

मग परिसराला उपयोग काय? पहिला आणि मोठा उपयोग दिसत नाही, कारण तो न घडलेल्या गोष्टींचा आहे. रोजच्या १००० टनांपैकी २०० ते २५० टन राख उरते आणि जागेच्या मापात तर दहावा हिस्सा. कचऱ्याचे डोंगर वाढत नाहीत, त्यातून झिरपणारं काळं पाणी विहिरींत जात नाही, डोंगराच्या पोटात मिथेन साचून आठवडेच्या आठवडे धुमसणाऱ्या आगी लागत नाहीत. सिंगापूरसारख्या जमीनच नसलेल्या देशाने हे नीट ओळखलं. तिथे जळण्याजोगा कचरा जाळतात आणि राख बोटीने १९९९ पासून सेमाकाऊ बेटावरच्या भरावात नेतात. स्वित्झर्लंडने २००० सालापासून जळू शकणारा कचरा जमिनीत पुरायलाच बंदी केली.

दुसरा उपयोग उष्णतेचा, पण तो घेणारं कुणी जवळ असेल तरच. टर्बाइनमधून निघालेली कोमट उष्णता हवेत सोडली तर चार भागांतला एकच भाग वीज म्हणून पदरात पडतो. तीच उष्णता गरम पाण्याच्या नळांतून घरांना किंवा कारखान्यांना दिली तर इंधनातल्या उष्णतेचा ८० टक्क्यांहून जास्त भाग कामी लागतो. व्हिएन्नातला श्पिट्टेलाऊ प्रकल्प मुळात एका मोठ्या रुग्णालयाला उष्णता पुरवण्यासाठी शहराच्या आतच बांधला होता. १९८७ मध्ये तो आगीत सापडला, तेव्हा तो शहराबाहेर नेण्याऐवजी हुंडर्टवासर या चित्रकाराकडून त्याचं रूप बदलून घेतलं आणि त्याच जागी पुन्हा सुरू केला. थंड देशांना हे जमतं, कारण घरं तापवायची गरज असते. उष्ण प्रदेशात वाफ विकत घेणारा कारखाना शेजारी हवा, नाहीतर उष्णतेवर चालणारी थंडावा देणारी यंत्रणा. प्रकल्पाची जागा ठरवताना हा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो, आणि तो सगळ्यात आधी यायला हवा.

आता धुराबद्दल. भीती उगाच जन्मली नाही. १९७७ मध्ये डच संशोधकांनी कचरा भट्ट्यांच्या उडत्या राखेत डायॉक्सिन हे अत्यंत विषारी रसायन सापडल्याचं दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी इटलीतल्या सेव्हेसोच्या अपघाताने हे विष जगाला माहीत झालं होतं. जुन्या भट्ट्या खरोखर घाण होत्या, आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांचा राग रास्त होता. गंमत अशी की डायॉक्सिन भट्टीच्या तापलेल्या पोटात टिकत नाही, तिथे ते मोडतं. ते पुन्हा जमतं नंतर, धूर थंड होत असताना, ढोबळमानाने ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात, राखेच्या कणांवरच्या कार्बन, क्लोरीन आणि तांब्याच्या संगतीने. म्हणून उपाय दुहेरी असतो. आत पूर्ण जाळायचं, आणि बाहेर निघताना हा पट्टा शक्य तितक्या लवकर ओलांडायचा.

त्यानंतर धूर साफ करण्याची रांग लागते. प्रकल्पाच्या आवारात भट्टीपेक्षा ही यंत्रणाच जास्त जागा अडवून बसलेली दिसेल. युरिया किंवा अमोनियाचा फवारा नायट्रोजनची ऑक्साइडं मोडतो. चुना आम्ल वायूंना बांधतो. कोळशाची सक्रिय पूड पारा आणि डायॉक्सिन शोषते. शेवटी हजारो कापडी पिशव्यांचा फिल्टर हे सगळं धुळीसकट अडवतो. गंमत म्हणजे नव्या कोऱ्या पिशवीपेक्षा थोडी धूळ बसलेली पिशवी चांगलं काम करते, कारण चुन्याचा तो थरच खरी गाळणी असतो. युरोपीय नियमांनी डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम ठरवली, म्हणजे ग्रॅमचा दहा अब्जावा भाग. नीट चालवलेले प्रकल्प तिच्या बरेच खाली राहतात.

‘नीट चालवलेले’ हे दोन शब्द वाऱ्यावर सोडू नका. सुरळीत चाललेल्या प्रकल्पाच्या धुराची मला भीती वाटत नाही, आणि मी त्याच्या सावलीत राहिलोही आहे. मला भीती वाटते ती भट्टी पेटवण्या-विझवण्याच्या तासांची, फाटलेली पिशवी ‘पुढच्या बंदमध्ये बदलू’ म्हणून तशीच ठेवण्याची, आणि चुन्याची पूड वाचवून खर्च कमी केल्याचं कौतुक करून घेणाऱ्या व्यवस्थापकाची. धूळ, आम्ल वायू, कार्बन मोनॉक्साइड यांची मोजणी धुराड्यात अखंड चालू असते. डायॉक्सिनची मात्र बहुतेक ठिकाणी वर्षातून काही वेळाच होते, आणि त्या दिवशी सगळे नेसूचे कपडे इस्त्री करून आलेले असतात. म्हणून रोजच्या रोज बघायचा आकडा कार्बन मोनॉक्साइडचा. तो शांत रेषेत असेल तर ज्वलन पूर्ण होतंय. त्यात वारंवार टोकदार सुळके दिसत असतील तर बंकरमध्ये नीट मिसळणं होत नाही, म्हणजे फिरून आपण त्या क्रेनवाल्याकडे येतो.

राखेचे दोन प्रकार असतात आणि ते कधीही एकत्र करू नयेत. शेगडीखाली पडणारी जाड राख पाण्यात विझवतात. तिच्यातलं लोखंड चुंबकाने काढतात, ॲल्युमिनियम आणि तांबं फिरत्या चुंबकीय क्षेत्राने उडवून वेगळं करतात. मग ती काही आठवडे ते महिने उघड्यावर मुरू देतात, म्हणजे तिचा तीव्र अल्कधर्मीपणा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने उतरतो. काही देशांत ती नंतर रस्त्यांच्या भरावात वापरतात. ओल्या राखेतलं ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडतं, त्यामुळे ती बंद जागेत साठवणं धोक्याचं आहे. हे पुस्तकात एका ओळीत असतं, पण कोठीचं झाकण हलताना पाहिलं की कायमचं लक्षात राहतं. दुसरी राख फिल्टरमधली: मूळ कचऱ्याच्या दोन ते पाच टक्के वजनाची, बारीक, विषारी. धुरातून जे जे अडवलं ते सगळं हिच्यात आहे. ती धोकादायक कचरा म्हणूनच ठेवावी लागते. जर्मनीत ती जुन्या मिठाच्या खाणींत नेतात, स्वित्झर्लंडमध्ये आम्लाने धुऊन तिच्यातलं जस्त काढतात. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात या राखेची रक्कम आणि ठिकाण दिलेलं नसेल, तर ती रात्री कुठेतरी जाते असं समजा.

आत येऊ नये ते काय येतं, याची यादी माझ्याकडे मोठी आहे. गाद्यांच्या स्प्रिंगा राखेच्या पट्ट्यात अडकतात. जिप्समचे पत्रे आले की सल्फर डायऑक्साइडचा आकडा उसळतो. गॅसच्या टाक्या भट्टीत फुटतात. अलीकडे सगळ्यात जास्त झोप उडवते ती लिथियम बॅटरी: पंजाने चिरडली की बंकरमध्येच आग. म्हणून आता बंकरवर उष्णता टिपणारे कॅमेरे आणि पाण्याच्या तोफा रात्रंदिवस सज्ज असतात. जुनी बॅटरी वेगळी देणारा माणूस आमच्या पाळीवरच्या चार जणांची रात्र वाचवतो.

कार्बनचं काय, हा प्रश्न पुढे येणारच. टनभर कचरा जाळला की ढोबळमानाने टनभर कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला साधारण निम्मा कागद, लाकूड, अन्न यांतून आलेला, उरलेला प्लास्टिकमधून, म्हणजे थेट खनिज तेलातून. उघड्या ढिगातल्या मिथेनशी तुलना केली तर जाळणं बरं ठरतं. पुनर्वापराशी तुलना केली तर नाही. ज्या वस्तूचं पुन्हा काही होऊ शकतं ती आमच्या बंकरमध्ये पडलेली बघून मला कधीच बरं वाटलं नाही. ओला कचराही खतात किंवा बायोगॅसमध्ये जावा, तिथे त्याची किंमत होते, इथे तो फक्त पाणी घेऊन येतो.

आणि इथेच आकाराचा मुद्दा येतो, ज्यावर प्रकल्प उभारणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं. भट्टी अर्ध्या भाराने चालवता येत नाही. ती भरलेली हवी असते, वीस-पंचवीस वर्षं. म्हणून करारात ‘इतका कचरा द्या, नाही दिला तरी पैसे भरा’ असं कलम येतं. पुढे शहराने वर्गीकरण सुधारलं, कचरा घटला, की तेच कलम गळ्यात येतं. कोपनहेगनचा आमॅगर बाक्के प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या छपरावर स्कीची उतरण आहे, तंत्र अव्वल आहे. पण तो शहराच्या गरजेपेक्षा मोठा बांधला, अशी टीका त्याच्यावर सुरुवातीपासून झाली आणि भट्ट्या भरण्यासाठी बाहेरच्या देशांतून कचरा आणला गेला. पुढची पंधरा वर्षं वर्गीकरण उत्तम झालं असं धरून जो कचरा उरेल, त्यापेक्षाही थोडी लहान भट्टी बांधावी, असं माझं मत आहे. चार दिवस बंकर तुडुंब भरला तर चालतो. चार वर्षं रिकामा राहिला तर नाही.

प्रकल्प बघायला जायची संधी मिळाली तर स्वागतकक्षातली चित्रफीत झटपट उरका आणि तीन गोष्टी मागा. क्रेनच्या केबिनमध्ये दहा मिनिटं उभं राहू द्या म्हणा. मागच्या भट्टी-सुरुवातीच्या दिवसाचा कार्बन मोनॉक्साइडचा आलेख दाखवा म्हणा. आणि शेगडीखालच्या राखेच्या ढिगापाशी न्या म्हणा. त्या ढिगात वाचता येण्याजोगा छापील कागद दिसला, तर बाकी कुणालाही काही विचारू नका.